दाणा आपला, माणूस परका?

अक्कलकुव्याच्या घराघरांत ज्वारीची भाकरी थापली जाते, तेव्हा हे धान्य दूरदेशीचे आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः ज्वारी मूळची सुदानकडची. बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील पट्ट्यातली. सुमारे ४००० वर्षांपूर्वी ही धान्ये आपल्याकडे आली आणि आपलीच झाली.

त्याच आफ्रिकेतून माणसेही आली. पुष्कळशी गुलाम म्हणून. त्यांना आपण तितक्याच सहजपणे आपले म्हटले काय?

मलिक अंबर हा बालपणी विकला गेलेला हबशी. पुढे तो निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. १६१० साली त्याने वसविलेली खडकी म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर. जहांगीर बादशहाला तो रणांगणावर आवरेना. तेव्हा १६१६ च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराने एक चित्र रंगविले: भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बादशहा बाण सोडीत आहे. चित्रावरील मजकुरात अंबरच्या वर्णाला रात्रीची उपमा देऊन त्याला हिणविले आहे. प्रत्यक्षात अंबर १६२६ पर्यंत जगला. कला सुंदर असूनही असत्य बोलू शकते ती अशी.

आमच्या गावावरून जाणारा रस्ता सागबारा, डेडियापाडा, नेत्रंग करीत भरूच जिल्ह्यात उतरतो. त्या जिल्ह्यातील रतनपूर येथे बावा गोर यांचा दर्गा हे सिद्दींचे श्रद्धास्थान आहे. पूर्वजांची भाषा लोपली. आज ते गुजराती बोलतात. परंतु बावा गोर व त्यांची बहीण माई मिश्रा यांच्या कथा आणि ‘मलुंगा’ हे धनुष्यासारखे वाद्य त्यांनी जपले. धमाल नृत्यात उंच उडविलेला नारळ नर्तकाच्या डोक्यावर फुटतो, प्रेक्षक टाळ्या वाजवितात आणि घरी परततात. ज्याची कला आवडली, त्याच्याशेजारी पंगतीला बसण्याची मात्र त्यांतील कितीजणांची तयारी असते?

आम्हा ख्रिस्ती जनांनाही हात झटकता येणार नाहीत. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील ख्रिस्ती घरांत मोझांबिकहून आणलेले गुलाम राबत होते. त्यांना बाप्तिस्मा दिला गेला, मोकळीक नाही.

कोणी म्हणेल, दाण्याची आणि माणसाची तुलना कशी व्हावी? आक्षेप रास्त आहे. दाणा काही मागत नाही. माणूस मान मागतो. म्हणूनच दाणा आपलासा करणे सोपे, आणि माणसाला आपला म्हणणे ही खरी कसोटी. आमच्याच तालुक्यातील काठीची होळी पाहावयास दूरदूरचे लोक येतात. नाचणाऱ्या आदिवासी बांधवाचे नाव विचारणारे त्यांत थोडेच.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी भाकरीचा तुकडा मोडताना एवढे आठवावे: परक्याला आपले करणे आपल्या मातीला केव्हाच साधले आहे. उरला आहे तो आपल्या मनाचा प्रश्न.