अन्न विकणाऱ्याच्या वहीतला धर्म

फूड ट्रक काढायचा ठरला की सगळी चर्चा गाडीभोवती फिरते. छोटा हत्ती घ्यायचा की जुना टेम्पो, बॉडी कुठे बांधायची, स्टीलचा ओटा किती लांब ठेवायचा. मग शेगड्या, 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर, चिमणी, पिण्याच्या आणि सांडपाण्याच्या वेगळ्या टाक्या, इन्व्हर्टर, विमा. गाडीच्या मूळ रचनेत बदल केला तर मोटार वाहन कायदा, 1988 नुसार आरटीओची मंजुरी लागते. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची नोंदणी, उभं राहायला जागा. एवढी बेरीज झाली की तिलाच भांडवल म्हटलं जातं. अवघड ओळी मात्र कोऱ्याच राहतात: सुरुवातीच्या महिन्यांचा तोटा, पावसाळ्यातले रिकामे दिवस, उरलेलं अन्न, पहाटे उठून कांदा चिरणाऱ्या घरच्या बाईची मजुरी. आणि पैसे नसताना खिडकीपाशी येऊन उभा राहणारा माणूस.

हा माणूस अंदाजपत्रकात बसवायचा की नाही, हा प्रश्न धर्माचा आहे आणि फार जुना आहे. तैत्तिरीय उपनिषदात वरुणाचा मुलगा भृगू तप करतो आणि त्याला पहिलं उत्तर मिळतं ते अन्न हेच ब्रह्म, असं. पुढे तो प्राण, मन, विज्ञान, आनंद अशा पायऱ्या चढत जातो. पण आनंदापर्यंत पोचल्यावरही उपनिषद पुन्हा अन्नाकडे वळतं आणि साधी व्रतं सांगतं. अन्नाची निंदा करू नये, ते टाकू नये, भरपूर निर्माण करावं, आसऱ्याला आलेल्याला परत पाठवू नये. मग अशा अन्नाला दर लावायचा कसा? आणि दर लावला, तर हे शेवटचं व्रत पाळायचं कसं?

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मराठी घरांत याच प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगितली जाते. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांसाठी खुली केली. कथेतला दयाळूपणा सर्वांच्या लक्षात राहतो, पण पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. विठ्ठल विठू महाराच्या रूपात बिदरला जातो, धान्याची पूर्ण रक्कम भरतो आणि पावती घेतो. देवानेही बाकी माफ करून घेतली नाही, ती चुकती केली.

बाकी कोणीतरी चुकती करतंच. 26 जानेवारी 2020 रोजी शिवभोजन योजना सुरू झाली तेव्हा ग्राहकाला थाळी दहा रुपयांना मिळत होती. शहरात तिचा हिशेब 50 रुपयांचा धरला होता, ग्रामीण भागात 35 रुपयांचा. वरचे 40 किंवा 25 रुपये सरकार केंद्रचालकाला देणार, हे आधीच ठरलेलं होतं. ट्रकवाल्यामागे असं सरकार नसतं. लॉस एंजेलिसमध्ये 2008 साली ‘कोगी’ ट्रकमधून कोरियन टाको विकून नाव कमावलेल्या रॉय चोई यांनी डॅनियल पॅटरसन यांच्यासोबत 2016 मध्ये वॉट्स या गरीब वस्तीत ‘लोकोल’ काढलं. चांगलं अन्न, स्वस्त दर, वस्तीतल्याच लोकांना काम, असा तो विचार होता. 2018 मध्ये ते उपाहारगृह बंद झालं. हेतू उदात्त होता. पण उदात्त हेतूलाही दर महिन्याला भाडं आणि पगार द्यावे लागतात.

दान नेमकं कशातून द्यायचं, याचा इस्लामी धर्मशास्त्राने फार बारकाईने विचार केला आहे. व्यापाऱ्याची जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेलं दान, रोख रकमेवर आणि विक्रीच्या मालावर मोजतात: संपत्ती ठरावीक मर्यादा गाठून चांद्रवर्षभर टिकली तर सगळ्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा. धंद्याच्या अवजारांवर जकात नाही. म्हणजे गाडी, शेगडी, ओटा मोकळे. तांदूळ, तेल, गल्ल्यातली रक्कम हिशेबात. ज्या साधनावर पोट चालतं ते मोडून दान करायला धर्म सांगत नाही.

घरच्या बाईची ओळ मात्र अजूनही बहुतेक वह्यांमध्ये शून्यच असते. मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालवून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. सावकाराच्या तावडीतून सुटून बँकेचं कर्ज घेता यावं, हा त्यामागचा मोठा हेतू. त्यामुळे तोवर ‘घरकाम’ समजली गेलेली मेहनत बँकेच्या लेखी व्यवसाय ठरली. आज एखादा ट्रक पत्नीच्या किंवा आईच्या बिनपगारी कामावर नफा दाखवत असेल, तर तो नफा नव्हे. तिला न विचारता तिच्याकडून घेतलेलं ते दान आहे. असं दान घेऊन वर भुकेल्याला फुकट ताट देणाऱ्याचं पुण्य नेमकं कोणाच्या खात्यावर जमा होतं?

म्हणून रोज किती ताटं पैशांविना द्यायची हे गाडी घेण्यापूर्वीच ठरवावं. त्या ताटांचा खरा खर्च, त्यात चिरणारीची मजुरी धरून, निदान सहा महिन्यांसाठी काढावा आणि खेळत्या भांडवलात वेगळा ठेवावा. ही रक्कम मावत नसेल, तर ओटा दोन फूट आखूड करावा, गाडी जुनी घ्यावी.