वणव्याचे चित्र आणि आपली दया

इटलीतील फ्लॉरेन्स शहरी पिएरो दि कोझिमो नावाचा चित्रकार होऊन गेला. सुमारे १५०५ साली त्याने लाकडी फळीवर वणव्याचे एक चित्र रंगविले. ते आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात आहे. मध्यभागी रान पेटले आहे आणि सिंह, अस्वले, गुरे, पाखरे एकाच भयाने बाहेर पडत आहेत. एक गुराखीही आहे, तोही लहानसा. पण हरणाला आणि डुकराला मात्र चित्रकाराने चक्क माणसाचे तोंड दिले आहे.

जनावराची दया येण्यास ते आपल्यासारखे दिसावे लागते काय?

हा प्रश्न आम्हांस आमच्याच शब्बाथ शाळेत भेटला. ऑस्ट्रेलियातील २०१९-२० च्या वणव्यांची हकीकत सांगून व हे जुने चित्र दाखवून आम्ही मुलांना चित्रे काढावयास सांगितले. मुलांनी मन लावून काढली. बहुतेक कागदांवर कोआला होता : गोल तोंड, मोठे कान, डोळ्यांत पाणी. आम्ही कौतुकाने ती भिंतीवर लावली.

पुढे शास्त्रज्ञांचा २०२० सालचा अंदाज वाचनात आला. त्या वणव्यांत सुमारे ३०० कोटी प्राणी मेले किंवा देशोधडीस लागले. त्यांत सस्तन प्राणी सुमारे १४ कोटी, पक्षी १८ कोटी आणि सरपटणारे २४६ कोटी! म्हणजे मुख्यतः सरडे, पाली, सापसुरळ्या. आमच्या भिंतीवर त्यांतले एकही नव्हते. यात मुलांचा काय दोष? आम्हीच त्यांचे नाव काढले नव्हते.

कोणी म्हणेल, मुलाची दया कोठून तरी सुरू व्हावयास हवीच. खरे आहे. कोआला हा दयेचा उंबरठा आहे. पण उंबरठ्यावरच बसून राहिलो, तर घरात कधी जाणार? जी दया दुसऱ्यात आपलाच चेहरा शोधते, तिच्यात स्वतःवरचे प्रेमच अधिक असते. माणसांच्या बाबतीतही आपण असेच वागतो. आपल्या भाषेचा, आपल्या मंडळीचा मनुष्य संकटात पडला की हात लगेच खिशात जातो. परक्यासाठी तो अडखळतो.

नोहाच्या तारवात सरपटणाऱ्यांनाही जागा होती. ते गोजिरवाणे दिसतात म्हणून ती मिळाली नव्हती. देवाने निर्माण केलेले, एवढाच त्यांचा हक्क होता.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, वणव्याचे चित्र मुलांकडून अवश्य काढून घ्या. कोआला काढू द्या, हरिणही काढू द्या. मग आणखी एक कागद द्या आणि सापसुरळी काढावयास सांगा, तिच्या स्वतःच्या तोंडाची, खवल्यांची, आखूड पायांची. तसे काढावयाचे तर तिच्याकडे बराच वेळ पाहावे लागेल. ज्या जिवाला आपण आजवर केरसुणीने हाकलले, त्याच्याकडे मुले एकदा नीट पाहतील. आम्हीही त्यांच्याबरोबर कागद घेऊन बसणार आहोत.