जात विचारली नाही, एवढ्यानं भागतं का?

म्हातारी शिर्डीला जाऊन आली. मी घरात भांडलो. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या कार्यकर्त्याची आई, आणि गळ्यात साईचा बिल्ला! ती एवढंच बोलली, "लेकरा, काळारामाच्या दारात बाबासायबाला आडवलं. मला तितं कुणी जात इचारली न्हाई. मंग माजं काय चुकलं?"

मित्रांनो, मला उत्तर सुचलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

शिर्डी एक साधं खेडं होतं. तिथं एक फकीर पडक्या मशिदीत राहायचा, घरोघर मागून खायचा, ओठावर 'अल्ला मालिक'. त्याची जात, धर्म कुणाला छातीठोक सांगता आला नाही. १९१८ च्या दसऱ्याला तो गेला. देह कुठं ठेवायचा यावर हिंदू-मुसलमानांत वाद झाला. शेवटी नागपूरच्या बुटींच्या वाड्यात, जिथं मुरलीधर बसायचा होता तिथं, त्याला पुरलं. १९५४ साली संगमरवरी मूर्ती आली, २००८ साली सोन्याचं सिंहासन. भीक मागणाऱ्याचा देव झाला, खेड्याचं तीर्थ झालं.

आईला तिथं जात विचारली नाही, हे खरं. आणि हे थोडं नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी बंद दारं पाहिली, त्यांनाच उघड्या दाराची किंमत कळते. पण दार उघडलं म्हणजे माणूस सुटला का? १९३० साली नाशिकचा सत्याग्रह सुरू करतानाच बाबासाहेबांनी बजावलं होतं की देवळात शिरल्यानं आपले सगळे प्रश्न सुटणार नाहीत, लढा माणुसकीच्या हक्काचा आहे. रांगेत कुणी न विचारलेली जात गावच्या एस्टी थांब्यावर आईची वाट बघत उभीच असते. सोयरिकीत ती आहे, मसणवट्यातही आहे.

शिर्डीपासून तासाभरावर येवला. १३ ऑक्टोबर १९३५ ला तिथं बाबासाहेब म्हणाले, हिंदू म्हणून मरणार नाही. १९५६ च्या दसऱ्याला त्यांनी ते खरं केलं. शिर्डीनं जात विचारली नाही; येवल्यानं जातीलाच जाब विचारला.

हे आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खरं हाय तुजं. पर रातच्याला गुडघं ठणकत्यात तवा कुणाला हाक मारू? तू तर मिटिंगला आसतूस."

पुढच्या खेपेला तिला येवल्याच्या मुक्तिभूमीवर नेणार आहे. पण आधी रात्री घरी थांबायला शिकतो आहे. मित्रांनो, तुमच्या घरातली म्हातारी अडीनडीला कुणाला हाक मारते, ते एकदा बघा. मग तिच्या गळ्यातल्या बिल्ल्याला हात लावा.