घरातील संगणक कोणाचा?

घरात एखादी नवी वस्तू आली की ती सर्वांची, असे आपण म्हणतो. परंतु तिच्यावर हात कोणाचा पडतो, हा प्रश्न निराळा. पूर्वी रेडिओ आला तेव्हा त्याची कळ बहुधा कर्त्या पुरुषाच्या हाती असे. सांप्रत संगणक, मोबाइल व इंटरनेट यांविषयी हाच प्रश्न अधिक गंभीर स्वरूपात उभा आहे; कारण रेडिओ केवळ ऐकवीत असे, आणि या साधनांतून आता घराचा सारा व्यवहार चालतो.

आमच्या परिचयाच्या एका घरातील यजमान अकस्मात निवर्तले. बँकेचे व्यवहार, विजेचे बिल, विम्याची कागदपत्रे हे सर्व ते स्वतःच्या मोबाइलवरून पाहत. त्यांच्या पत्नी चाळीस वर्षे ते घर चालवीत आल्या होत्या. महिन्याचा जमाखर्च त्यांना तोंडपाठ होता. परंतु त्या मोबाइलचा संकेतशब्द त्यांस ठाऊक नव्हता. सुतकाच्या दिवसांत आपल्याच घरची माहिती मिळविण्यासाठी त्यांना पुतण्याची वाट पाहत बसावे लागले. "हे होते तेव्हा कधी गरजच पडली नाही," एवढेच त्या म्हणाल्या. त्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले.

ही एकाच घरची गोष्ट नव्हे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्री-पुरुषांना, आपण इंटरनेट कधी वापरले आहे काय, असे विचारण्यात आले. देशात सुमारे ५७ टक्के पुरुषांनी होकार दिला. स्त्रियांत हे प्रमाण ३३ टक्केच भरले. आपल्या गोव्यात मात्र पुरुष सुमारे ८३ व स्त्रिया ७४ टक्के होत्या. हे पाहून आपणांस समाधान वाटणे साहजिक आहे. तथापि 'कधी तरी वापरले' आणि 'आपल्या इच्छेने, आपल्या कामासाठी वापरले' यांत फार अंतर आहे. परदेशी असलेल्या नातवाचे मुख पाहण्यासाठी मुलाने हातात धरून दिलेला मोबाइलही 'वापर' या शब्दात येतो. वर सांगितलेल्या बाईही त्या अर्थाने इंटरनेट वापरीतच होत्या.

कोणी म्हणेल, यंत्राची आवड पुरुषांना उपजतच असते. त्यास उपाय काय? या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. अमेरिकेत १९४६ साली एनिॲक हा प्रसिद्ध संगणक लोकांपुढे आला, तेव्हा त्यास कामाची आज्ञावली घालून देणाऱ्या प्रमुख व्यक्ती सहा स्त्रिया होत्या. पुढे १९८० नंतरच्या दशकात त्या देशात संगणक घरोघर गेला आणि मुलग्यांची वस्तू म्हणून तो विकला जाऊ लागला. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस व ॲलन फिशर यांनी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा घरचा संगणक पुष्कळदा मुलाच्या खोलीत ठेवला जाई असे त्यांस आढळले. तेथे संगणकशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांत १९९५ साली मुली अवघ्या ७ टक्के होत्या. विद्यापीठाने प्रवेशाचे निकष व शिकविण्याची रीत बदलली, आणि २००० साली त्या ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत मुलींचा स्वभाव पालटला नाही. त्यांच्यासाठी वाट मोकळी झाली, इतकेच.

आपल्याकडे अक्षरविद्येच्या बाबतीत हेच घडले आहे. रमाबाई रानडे यांना न्यायमूर्तींनी घरीच शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा घरातील इतर स्त्रियांचे टोमणे त्यांस किती सोसावे लागले, हे त्यांच्या आठवणींत वाचावयास मिळते. आज ते वाचताना आपणांस नवल वाटते. आपल्या नातवंडांना आपल्या घराविषयी तसेच नवल वाटू नये.

दुसरी अडचण सवडीची. २०१९ च्या केंद्रीय कालविनियोग सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या वर्षी त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या. जे पुरुष असे काम करीत होते, ते ९७ मिनिटे. नवी विद्या शिकावयास चुकण्याची, पुनः पुनः विचारण्याची मुभा लागते. रात्री ओटा आवरून आलेल्या गृहिणीपाशी ती सवड कोठून असणार? आणि तिने विचारलेच तर मुलगा तिच्या हातून मोबाइल घेतो, चार क्षणांत काम उरकतो व परत देतो. काम होते, शिकणे होत नाही.

इंटरनेटवर फसवणूक व अभद्र मजकूर पुष्कळ आहे, म्हणून लेकीसुनांना त्यापासून दूर ठेवणेच बरे, असा आक्षेप काही वडीलधारी मंडळी घेतात. भय खोटे नाही. परंतु फसविणारा अनभिज्ञ माणसालाच प्रथम गाठतो, आणि अभद्रतेचा मोह मुलग्यांना नसतो असे कोण म्हणेल? मर्यादा घालावयाची तर ती दोघांस सारखी असावी. मुलास विश्वास व मुलीस पहारा, ही नीती नव्हे. तो केवळ आपला आळस होय.

म्हणून प्रत्येक कर्त्या पुरुषाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : उद्या मी नसलो, तर माझ्या घरचे दार माझ्या माणसांना उघडता येईल काय? उत्तर नकारार्थी असेल, तर रोज रात्री अर्धा तास ओटा आपण आवरावा आणि तेवढा वेळ पत्नीस त्या यंत्रापुढे बसू द्यावे. तिने विचारल्यास सांगावे. मात्र यंत्र तिच्याच हाती राहू द्यावे. विद्याधन दिल्याने वाढते, हे आपण मुलांना शिकवितो. ते आपल्या घरातच खरे करून दाखविण्याची ही वेळ आहे.