हिवाळ्याच्या आत ये
आजचं वचन: २ तीमथ्य ४:७-२१

विश्वास राखला, असं लिहिणारा पौल दोनच वचनांनंतर तीमथ्याला म्हणतो, लवकर ये. देमास सोडून गेलाय, सोबत फक्त लूक. त्रोवसला कार्पाकडे राहिलेला झगा हवाय, पुस्तकंही, आणि तेही हिवाळ्याच्या आत. शिवाय मार्कला घेऊन ये! हाच मार्क पंफुल्यातून अर्ध्यावर परतला होता, त्याच्यावरून पौल आणि बर्णबा वेगळे झाले होते. शेवटी पौलाला तोच हवा होता.

आजोबा गेल्यावर आजीने प्रार्थना सोडली. मी तिला वचनं पाठवत राहिले (चुकलंच माझं). तिची एक जुनी मैत्रीण आहे. महिला मंडळातल्या कुठल्याशा कारणावरून दोघींचा कित्येक वर्षं अबोला होता. ती मात्र रोज दुपारी येऊन बसायला लागली. प्रार्थना तीच करायची, आजी नुसती ऐकायची. दोन महिने असंच चाललं.

परवा गुडघ्यामुळे तिला येता आलं नाही. आजी म्हणाली, “फोन लावून दे गं.” मग तिनेच मैत्रिणीसाठी प्रार्थना केली, अगदी मोठ्याने. पलीकडे कमी ऐकू येतं ना!