रंग कुठल्या दिवसाचा?

ओहायोतल्या डेटन इथे अमेरिकी हवाई दलाच्या संग्रहालयात 'मेम्फिस बेल' नावाचं बी-१७ बॉम्बफेकी विमान उभं आहे. १७ मे १९४३ रोजी त्याच्यावरच्या पथकाने पंचविसावी मोहीम पुरी केली. त्यानंतर बरोबर ७५ वर्षांनी, १७ मे २०१८ रोजी, ते नव्याने लोकांसमोर आलं. मधल्या काळात त्याचे बरेच हाल झाले. १९४६मध्ये भंगारात निघालेलं हे विमान मेम्फिस शहराने अवघ्या ३५० डॉलरना सोडवून आणलं आणि कित्येक वर्षं उघड्यावर ठेवलं. ऊन-पाऊस लागला, आठवण म्हणून सुटे भाग पळवले गेले, वरून वेळोवेळी रंगाचे नवे हात चढले. २००५मध्ये ते डेटनला आलं, तेव्हापासून त्याचं रूप परत आणायला तेरा वर्षं लागली.

रंगाचे थर उतरवताना खालच्या अॅल्युमिनियमवर ओरखडून लिहिलेली असंख्य नावं सापडली. मोहिमा संपल्यावर युद्धरोख्यांच्या प्रचारासाठी हे विमान अमेरिकाभर फिरवलं होतं, तेव्हा बघायला आलेल्यांनी ती कोरली होती. विमानाचा खरा रंग म्हणायचा तर मग कुठला? कारखान्यातून बाहेर पडलं त्या सकाळचा, शेवटच्या मोहिमेहून परतलं त्या दिवसाचा, की अंगावर नावं मिरवत फिरलं त्या उन्हाळ्याचा?

रंग बदलला की वस्तू तीच राहते का, या प्रश्नावर आपल्याकडे जुना आणि चांगलाच खटकेबाज वाद आहे. कुंभाराच्या आव्यात कच्चा घडा जातो सावळा आणि बाहेर येतो लाल. वैशेषिकांचं म्हणणं असं, की आचेने घडा परमाणूंपर्यंत विस्कटतो, परमाणूंचा रंग पालटतो आणि त्यांच्यापासून नवा लाल घडा जुळून येतो. पीलु म्हणजे परमाणू, म्हणून हा पीलुपाकवाद. नैयायिकांना हे पटत नाही. घडा खरोखर विस्कटत असेल तर त्याच्यावर रचलेली मडकी कोसळत का नाहीत? आणि 'हा तोच घडा' ही ओळख टिकते कशी? त्यांच्या मते घडा तोच राहतो, फक्त रंग पालटतो. पिठर म्हणजे भांडं, म्हणून हा पिठरपाकवाद. वरवर शब्दांचा कीस वाटणारा हा वाद विमानाच्या कार्यशाळेत नेला की त्याला धार येते, कारण तिथे रंग पालटणं हे कुणाच्या तरी हातचं काम असतं आणि त्याचं उत्तर शेवटी त्यालाच द्यावं लागतं.

लष्करी विमानाचा बिनचकाकीचा रंग हे तसं नाजूक प्रकरण. चकचकीत रंगात रंगद्रव्य पुरतं बांधून ठेवण्याइतकं बंधक असतं, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. मॅट रंगात बंधकाच्या मानाने भुकटी जास्त असते. पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो, प्रकाश चहूकडे विखुरतो आणि तीच छटा जरा फिकी दिसते. त्यावर रोज हात फिरला, बूट घासले, की तेवढी जागा तुकतुकीत आणि गडद होते. उन्हातल्या अतिनील किरणांनी बंधक मोडलं की रंगद्रव्य मोकळं होतं आणि बोटाला खडूसारखी पूड लागते. जुना रंग शोधणारा कारागीर म्हणूनच एखादी आडोशाची जागा निवडतो आणि पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने वाटोळं घासत जातो. झाडाच्या खोडात वर्तुळं दिसावीत तसे थर उलगडतात. सगळ्यात वर संग्रहालयाच्या काळातला हिरवा, खाली आणखी एक हिरवा, मग प्रायमर, मधोमध उघडा धातू. जुळवलेला नमुना पत्र्यावर मारून वाळल्यावर उन्हात नेऊन पाहावा लागतो, कारण ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला रंग उन्हात दगा देतो. त्या काळचे शिसं आणि क्रोमियम असलेले पिवळे आता टाळले जातात. दुसऱ्या रंगद्रव्यांतून तीच छटा साधली, तरी प्रत्येक उजेडात ती साथ देईलच असं नाही.

मग शेड कार्ड आहे ना? आहे. अमेरिकेच्या 'फेडरल स्टँडर्ड ५९५'मध्ये प्रत्येक रंगाला पाच आकडी क्रमांक मिळाला. पहिला आकडा १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे निमचकचकीत, ३ म्हणजे मॅट. दुसरा आकडा रंगाचं कूळ सांगतो, त्यात ४ म्हणजे हिरवा. महायुद्धातल्या 'ऑलिव्ह ड्रॅब' या लष्करी हिरव्यासाठी सर्रास सांगितला जाणारा क्रमांक आहे ३४०८७. मात्र ही यादी निघाली १९५६मध्ये, आणि 'मेम्फिस बेल' लढलं त्याआधी तेरा वर्षं. युद्धात हा रंग अनेक कंपन्या घाईघाईने बनवत होत्या. शिवाय बी-१७चा सांगाडा धातूने मढवलेला, तर सुकाणूसारखे हलते भाग कापडाने. दोन्हींवरचा ऑलिव्ह ड्रॅब वेगवेगळ्या रीतीने विटायचा. एकाच विमानावर एकाच नावाचे दोन-तीन हिरवे नांदत. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त रूपाचे, म्हणजे रंगाचे, सात प्रकार मोजताना शेवटचा 'चित्र', म्हणजे अनेकरंगी, हा स्वतंत्र धरला आहे. विटलेल्या बी-१७समोर उभं राहिलं की त्याची गरज का वाटली असावी हे समजतं.

जपानच्या झीरो लढाऊ विमानाने तर अभ्यासकांना पार चकवलं. पर्ल हार्बरच्या काळातली ही विमानं फिक्या करड्या रंगाची होती, असं वर्षानुवर्षं मानलं जाई. मग अवशेषांच्या तुकड्यांवरची खडूसारखी पूड घासून पाहिली तेव्हा खालून पिवळसर-हिरवट झाक असलेला, किंचित तकाकीचा करडा निघाला. १९४२च्या एका जपानी अहवालातही हा करडा 'अमेइरो'कडे, म्हणजे तिथल्या साखरेच्या गोळ्यांच्या रंगाकडे, झुकणारा असल्याची नोंद आहे. पण म्हणून फिका करडा खोटा ठरतो का? जुन्या अवशेषांवर डोळ्यांना तोच दिसला होता. एक रंग कारखान्याने दिला, दुसरा उन्हाने.

इथवर प्रश्न छटेचा होता. अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनच्या बी-२४ लिबरेटरपाशी तो विमानाच्या ओळखीचा होतो. हे विमान १९४४मध्ये टेक्सासमध्ये बनलं, उधार-भाडे करारात ब्रिटिश हवाई दलाकडे गेलं आणि युद्ध संपल्यावर भारतात टाकून दिलं गेलं. कानपूरला अशी टाकलेली लिबरेटर दुरुस्त करून भारतीय हवाई दलाने १९६८पर्यंत वापरली. पुण्याहूनही ती सागरी टेहळणीला उडत. पुढे हे विमान अमेरिकेत परतलं, १९८९मध्ये 'ऑल अमेरिकन' झालं, १९९८मध्ये 'द ड्रॅगन अँड हिज टेल' आणि २००५मध्ये 'विचक्राफ्ट'. तिन्ही रूपं लढाईत गाजलेल्या दुसऱ्या विमानांची. अमेरिकेच्या बाजूने हे स्वतः एकही मोहीम लढलं नव्हतं. ज्यांच्या सेवेत त्याची जास्तीत जास्त वर्षं गेली, त्यांचा रंग त्या तीन सोंगांत कुठेच नव्हता.

याला खोटेपणा म्हणावं, तर आपल्या हवाई दलाच्या 'परशुराम' डकोटालाही तोच न्याय लावावा लागेल. २०१८मध्ये दाखल झालेल्या या विमानावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरवणाऱ्या डकोटाचा तो क्रमांक. विमान दुसरं, पण अंगावर त्याच दिवसाची आठवण. धातूच्या नात्याने हिशेब चुकतो, स्मरणाच्या नात्याने बरोबर येतो. इथे फसवणूक होत नाही, कारण हा मान दुसऱ्याचा आहे हे उघड सांगितलं जातं. रंगवणाऱ्याकडून एवढीच अपेक्षा धरता येते. रंग कुठल्या दिवसाचा निवडला आणि त्यापायी कुठले दिवस झाकले, हे त्याने पाटीवर लिहावं.

वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियनच्या उडवार-हेझी केंद्रात मात्र दिवस निवडायचाच नाही असं ठरलं आहे. तिथलं 'फ्लॅक-बेट' हे बी-२६ विमान दोनशेहून अधिक मोहिमा करून आलं आणि त्याच्या अंगावर हजाराहून जास्त घाव आहेत. संवर्धक त्याच्यावर नवा रंग चढवत नाहीत. मूळ थर पक्का धरून राहील एवढंच पाहतात. नाकाच्या बाजूला प्रत्येक मोहिमेमागे रंगवलेल्या बॉम्बच्या ओळी आहेत आणि त्यांच्यातच बदकं पोहताहेत, शत्रूला हूल द्यायला केलेल्या उड्डाणांची नोंद म्हणून. त्या बदकांचा रंगही ज्याने तो दिला त्याच्याच हातचा आहे.