तलवार, ढाल आणि विवेक



आपल्या उपनगरांतील कितीतरी मुले-मुली आज इंजिनीयरिंग शिकत आहेत. त्यांतील एखादीने उद्या सांगितले, "मला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, मी क्षेपणास्त्रांवर काम करणार," तर आपण पेढे वाटू. पण प्रभू येशूचे अनुयायी म्हणून आणखी एक प्रश्न आपल्यासमोर उभा राहतो: ख्रिस्ती माणसाने शस्त्रे घडवावीत का?

डॉ. टेसी थॉमस यांचा जन्म एप्रिल १९६३ मध्ये केरळमधील आलप्पुळा येथे ख्रिस्ती कुटुंबात झाला. मदर तेरेसांच्या नावावरून त्यांचे नाव ठेवले गेले. त्रिशूरला इंजिनीयर होऊन त्या आपल्या पुण्यात आल्या आणि क्षेपणास्त्रविद्येचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन १९८८ साली डीआरडीओत रुजू झाल्या. क्षेपणास्त्राला अचूक वाट दाखवणारी प्रणाली हा त्यांचा विषय. २०११ साली यशस्वी झालेल्या अग्नी-४ च्या त्या प्रकल्प संचालक होत्या.

योगायोग असा, की त्याच महिन्यात, ११ एप्रिल १९६३ रोजी, पोप जॉन तेविसावे यांनी 'पाचेम इन तेर्रीस' हे शांतीविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध केले. क्युबातील क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या कड्यावर जाऊन आले, त्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

ख्रिस्तसभेची शिकवण दोन्ही बाजू धरून ठेवते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली राष्ट्राचा स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला. पण सबंध शहरे सरसकट नष्ट करणारे युद्धकृत्य हा देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध गुन्हा आहे, असेही तिने ठामपणे सांगितले. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी हिरोशिमा येथे पोप फ्रान्सिस यांनी अण्वस्त्रे नुसती बाळगणेही अनैतिक ठरवले. आणि अग्नी अण्वस्त्र वाहून नेऊ शकते, हे आपण विसरू नये.

कोणी म्हणेल, तलवार नको, ढाल बनवू. रडार फक्त पाहते; येणारे क्षेपणास्त्र आकाशात पाडणारे क्षेपणास्त्र कोणाचे शहर जाळत नाही. यात बरेच तथ्य आहे. भारतानेही २००६ साली अशा ढालीची चाचणी केली. तरीही १९७२ साली अमेरिका व सोव्हिएत संघ यांनी करार करून आपापल्या ढालींवरच मर्यादा घातली. एकाची ढाल मजबूत झाली, की दुसरा अधिक तलवारी घडवतो. आणि ढालीआड उभा असलेला निर्धास्तपणे वार करू शकतो. अमेरिका २००२ साली त्या करारातून बाहेर पडली. म्हणजे केवळ हातात ढाल आहे म्हणून विवेक मोकळा होत नाही.

मग विवेकाने पाहायचे काय? पोलंडमध्ये जन्मलेले जोसेफ रॉटब्लॅट, हिटलर आधी अणुबॉम्ब बनवील या भीतीने, अमेरिकेच्या बॉम्ब प्रकल्पात गेले होते. जर्मनी बॉम्ब बनवत नाही हे कळताच १९४४ च्या अखेरीस ते बाहेर पडले. ज्या कारणासाठी आलो ते कारण उरले नाही, एवढेच. १९९५ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. कामाला लागताना कारण विचारावे आणि ते अजून उरले आहे का, हे पुन्हा पुन्हा विचारत राहावे.

हा भार एकट्या शास्त्रज्ञावर टाकून आपणही मोकळे होत नाही. पैसा आपल्या करातून जातो, चाचणी यशस्वी झाली की टाळ्या आपण वाजवतो. मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देणारे हातही तेच.

आगमनकाळात आपण ऐकतो, की यशया संदेष्ट्याला तलवारी ठोकून नांगराचे फाळ केलेले दिसले. ठोकायला लोहार लागतो, आणि तो बहुधा तलवार घडवणाराच असतो. जवळच पवईला, आयआयटीच्या आवारात, 'समीर' ही संस्था आहे. सूक्ष्मलहरींचे तंत्र हा रडारचा प्राण. त्याच तंत्रातून या संस्थेने कर्करुग्णांना किरणोपचार देणारे यंत्र घडवले.

म्हणून आपल्या मुलीला मी प्रयोगशाळेत जाऊ नको म्हणणार नाही. विवेक दाराबाहेर ठेवून जाऊ नकोस, आणि नाही म्हणायची वेळ आली तर घर तुझ्या पाठीशी आहे, असे सांगेन. श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत आपण सैनिकांसाठी प्रार्थना करतो. त्यात शस्त्रे घडवणाऱ्यांसाठीही एक प्रार्थना असू द्या.